बारीक

वडगावात, विणकरांच्या गल्लीत
मागांच्या खडखडाटात माझी शिकवणी चालते.
इथं शंकासुद्धा ओरडूनच विचारावी लागते.
रेणुका हावळ ओरडली,
"सर, थिन काय नि फाइन काय, दोन्ही बारीकच न्हवं?"

मी म्हटलं, हो. मग म्हटलं, नाही.
फळ्यावर लिहीत गेलो: स्लिम, लीन, स्लेंडर,
आणि प्रत्येकापुढं बारीक, सडपातळ, परत बारीक.
मराठीचा एकच खिसा
किती वेळा उलटा करायचा?

तेवढ्यात करंट गेला.
गल्लीभरचे माग एका दमात गप्प.
भिंतीपलीकडून तिचे वडील बोलले,
"काल गाठी मारत बसलीस बघ, तो थिन.
दिवसभर ओढ खाऊन तुटला न्हाई, तो फाइन.
एक कमी पडलाय म्हणून बारीक,
एक केलाय म्हणून."

उंबऱ्यावर शेंगा सोलत बसलेली शंकरव्वा
तिच्या कन्नडात पुटपुटली, "तेळ्ळगं."
कुठला गं, दोघांतला?
"दोन्ही," म्हणाली, आणि हसली.

मेणबत्तीपाशी रेणुकानं वाक्य सुरू केलं,
माय फादर इज,
आणि पेन्सिल तिथंच टेकवून धरली.
खिडकीतून मला दिसत होता तो,
बंद मागावर वाकून सूत सांधणारा,
बनियनमधून मणके मोजता येणारा.

"सर, यातला कुठला?"

करंट आला.
मला ऐकू आलं नाही
असं मी दाखवलं.