घरी बोलली जाणारी भाषा

पाथर्डी फाट्याला, आमच्या वरच्या मजल्यावर
थ्वा, खिएम आणि साडेपाच वर्षांची मिएन.
अंबडच्या कारखान्यात मशीन लावून द्यायला आलेत,
हनोईहून, दोन वर्षांसाठी.
चौथं चालू आहे.

शाळेचा फॉर्म घेऊन दोघं खाली आले.
एका रकान्यापाशी अडलं होतं:
घरी बोलली जाणारी भाषा.
रकाना एवढासा,
जेमतेम एक शब्द मावेल असा.

खिएमने लिहिलं होतं, इंग्रजी.
बाईंनी सांगितलंय म्हणे, घरीही तेच बोला,
पोरीच्या डोक्यात खिचडी नको.
थ्वाने त्यावर रेघ मारलेली.
त्याने पुन्हा लिहिलेलं. पुन्हा रेघ.
कागद तिथे फाटायला आलेला.

तो म्हणाला, उद्या कुठे पाठवतील सांगता येत नाही,
इंग्रजी सगळीकडे चालतं.
ती म्हणाली, माझ्या आईपाशी नाही चालत.
दर रविवारी फोनवर ती विचारते, जेवलीस का,
आणि मिएन माझ्या तोंडाकडे बघते.
हे सगळं मोडक्या हिंदीत,
जी आमच्या तिघांच्याही घरात कुणी बोलत नाही.

मी काय सांगणार?
माझ्या ओजसला सत्त्याण्णव म्हणजे किती
ते इंग्रजीत समजवावं लागतं.
त्याच्या वेळी याच रकान्यात मी,
न अडखळता, सुवाच्य अक्षरात...
जाऊ दे.

खाली सायकलवरून भांडण जुंपलं होतं.
"माझा नंबर आहे, सरक ना रे!"
ही मिएन.
ओजसनेही तिला असं काही ठेवणीतलं ऐकवलं
की एवढं मराठी त्याला येतं
हे मला आजच कळलं.

थ्वा म्हणाली, पहिल्यांदा ती 'आई' म्हणत घरात आली
तेव्हा मी दचकलेच.
आमच्यात 'आय' म्हणजे कोण.
मला हसू आवरेना.
कारण ही लेकीला 'कॉन' म्हणते, म्हणजे लेकरू,
आणि तीन वर्षं मला वाटत होतं
ही बाई रोज संध्याकाळी कठड्याशी उभी राहून
कोण, कोण, असं कुणाला विचारते.

फॉर्म टेबलावरच राहिला, तांब्याखाली.
रकाना कोरा नव्हता,
काळा झाला होता.
खिएम चहात बिस्कीट बुडवून विसरला.

दिवे लागले तशी थ्वा उठली,
बाहेर वाकून तिने हाक दिली,
कॉन ओय!

गेटवरून निवृत्तीभाऊ, आमचे वॉचमन, ओरडले,
"कोणी नाही ताई, मीच आहे!"