तुळशीत भांग

भांडुपला, एकोणीस नंबरच्या गाळ्यात
दिवस अठरा तासांचा असतो.
खालच्या मजल्यावर पत्र्याचे डबे ठोकतात, शेजारी अगरबत्त्या वळतात,
वर आम्ही दोघी: मिस्किटाबाई आणि मी.
मग एके रात्री बटण फिरवून दिवस बारा तासांचा करतो
आणि झाडांना वाटतं, भाद्रपद लागला.
फुलतात बिचारी.

आई विचारते, नक्की काय करतेस तिथं?
मी म्हणते, स्थळं जुळवते.
खोटं नाही. नर उंच, सडसडीत, फांद्या न फोडणारा,
मादी डोंगराकडची, बुटकी, पण सालीत दोर असलेली.
पंखे बंद. श्वाससुद्धा बेतानं.
कुंचल्याच्या टोकावर चिमूटभर पिवळी धूळ,
वर कागदी पिशवी, टाचणी, तारीख.

पहिली पिढी गुणी निघते, सगळी एका वळणाची.
दुसरीत गाडलेले पूर्वज वर येतात
पंगतीत रुसून बसलेल्या काकांसारखे:
एक खुजा, एक भुरकट,
एक असा की पान चुरगळलं तर जिन्यापर्यंत वास.

परवान्यात एक रेघ आहे. नशा त्या रेघेच्या खाली हवी.
लोक म्हणतात, तुळशीत भांग उगवली.
आम्ही सात वर्षं
भांगेत तुळस शोधतोय.

अबकारीचे चुरीसाहेब दर गुरुवारी येतात,
पेनाच्या टोकानं झाडं मोजतात, दोनदा.
दोनशे बारा. परत दोनशे बारा.
बियांच्या कपाटाची किल्ली बाईंच्या गळ्यात,
क्रुसाच्या शेजारी.

चौथ्या पिढीत ती आली. चार-सतरा-नऊ.
डोलकाठीसारखी सरळ. बुंध्याशी नख लावलं
तर साल शेंड्यापर्यंत एका ओढीत सुटली,
रेशमासारखी, तुटली नाही कुठंच.
बाई खुर्चीत बसल्या. चहा मागवला, तोही स्पेशल.
मंगळवारी अहवाल आला: रेघेच्या वर.
जरासाच.
पंचनामा, सह्या, मागच्या आवारात पिंप.
चुरीसाहेबांनी टोपी काढली. उकडत होतं म्हणून असेल.

उरली तिची बहीण, चार-सतरा-बारा.
कमरेत किंचित वाकलेली, धागा जाडसर, पण अंगात नशा नाही.
लहानपणी माझा भांग वाकडा पडला की आई म्हणायची,
असू दे, केस तुझेच आहेत ना.
तिच्यापासून पाचवी, सहावी, सातवी.
चाळीस ग्रॅम बियांचे चार किलो झाले, चारांचे तीनशे,
प्रत्येक खेपेला वेगळं दिसेल ते रोप
उपटायचं. हात थरथरतो तो तेव्हा,
कुंचला धरताना नाही.

धाग्याची लडी घेऊन माहुलला गेले, भालचंद्र वैतींकडे.
त्यांनी मांडीवर पीळ दिला, दातांत धरून ओढला,
खाऱ्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला आणि
मला सुकट घ्यायचा आग्रह करत राहिले.
मग म्हणाले, नायलॉन मरत नाय, पोरी.
तुटून गेलेलं जालं खाडीत पडून
मासे मारतच ऱ्हातं, आपण घरी जेवत असतो तवा पण.
ह्ये कुजंल ना?
मी चाचरले. आमच्या वहीत ते दोषाच्या रकान्यात आहे,
लाल शाईनं.
कुजेल, म्हटलं. दीड वर्षात.
मग बरंय, म्हणाले, आणि आणखी एक गाठ मारली.

आता समोर अर्ज. वाणाचं नाव: रिकामं.
बाई म्हणतात आकडाच लिही, आकड्याला कुणी नावं ठेवत नाही.
खाली, वैशिष्ट्ये: उंची, उतारा, पक्वतेचे दिवस.
शेवटच्या ओळीत मी लिहिलं, कुजतो.
बाईंनी चष्मा वर करून वाचलं,
खोडलं नाही.

नावाच्या जागी पेन्सिलनं एक अक्षर काढलं, पुसलं.
कपाटात बी आहे, मिरीएवढं, करडं, ठिपक्यांचं.
उद्या गुरुवार. मोजून ठेवायला हवं.