अडतीस मिलिमीटर

मिल लेनवरचा खड्डा अजून अडतीसच भरतो.
काउंटीच्या नियमाला चाळीस लागतात.
दर सोमवारी चर्चमधली जुनी उशी
गुडघ्यांखाली घेऊन मी रस्त्यात बसते,
फूटपट्टी उभी धरते,
आणि दुधाची गाडी हॉर्न न वाजवता थांबून राहते,
कुणाची प्रार्थना चालू असावी तशी.

ऑक्टोबरच्या पत्रकात लिहिलं : पाठपुरावा चालू आहे.
नोव्हेंबरच्या पत्रकातही तेच.
हे लिहिलं नाही,
की हल्ली मी रात्री खिडकी उघडून थंडी चाचपते,
पाणी गोठावं, डांबर तडकावं,
ज्या रस्त्यासाठी दारोदार फिरून
तीनशे बारा मतं मागितली
तो रस्ता अजून थोडा बिघडावा म्हणून.
दोन मिलिमीटर.
आडवं ठेवलेलं दोन पेन्सचं एक नाणं.
तेवढ्याच्या अंतरावर आहे माझी कारकीर्द.

सायकलमार्गाबद्दल बरेच जण विचारतात.
तो शाळेपासून निघतो,
लाल टपालपेटीला वळसा घालतो
आणि कथबर्ट डाउसच्या कुंपणाशी संपतो.
पलीकडच्या गावाला सातशे मीटर उरतात.
घोडं कुठं पेंड खातंय ते सगळ्या गावाला माहीत आहे :
बार्नबी त्याचं नाव, रंग करडा, वय एकवीस,
आणि कुरणातली पट्टी सोडायला डाउस राजी नाही.
वाईट माणूस नाही तो.
बैठकीला वेळेवर येतो, टोपी मांडीवर ठेवतो,
म्हणतो, घोडं गेलं की बघू.
कार्यवृत्तात आम्ही घातलं : योग्य वेळी विचार होईल.
मी बार्नबीला गाजरं नेऊन देते.
त्याचे दात अजून धड आहेत.

उद्यानात नवा झोका बसला, खाली रबराची चादर.
रात्री मोठी पोरं तिथं धूर काढत बसतात अशी तक्रार आली
(सही नव्हती, पण अक्षर मिसेस टॅपलिनचं).
गेले. टॉर्च नेला होता, तो लावला नाही.
चौघं होती. एकानं विचारलं,
झोका देऊ का, बाई?
एकसष्टाव्या वर्षी माझे पाय
चिंचोळ्या आकाशातल्या त्या एकुलत्या चांदणीपर्यंत
जवळजवळ पोचले.
पत्रकात : तरुणांशी संवाद साधण्यात आला.

मग जानेवारीत, तीन रात्री सलग उणे सहा,
आणि सोमवारी एक्केचाळीस.
पट्टी पुसून पुन्हा धरली. एक्केचाळीसच.
दूधवाल्या रॉडनीनं काच खाली केली,
मी बोटांनी आकडा दाखवला,
त्यानं पहिल्यांदाच हॉर्न वाजवला.

बुधवारी कुणीतरी पिवळं वर्तुळ आखून गेलं.
अठरा दिवसांनी दोन माणसं आली,
वर्तुळाच्या आतलं बुजवलं,
बाहेरचं त्यांच्या कागदावर नव्हतं.
वीतभर अंतरावर दुसरा आहे.
एकतीस.

फेब्रुवारीचं पत्रक वाटताना
कलिना दिसली, शाळेची पिशवी पाठीला, सायकलवर.
तिचा बाप कोबीच्या कारखान्यात पहाटपाळीला असतो,
म्हणून ती एकटीच येते, मधोमध, राणीसारखी.
बुजलेल्या जागेपाशी आली
आणि नेहमीसारखी डावीकडे झुकून
मोठ्ठा वळसा घेऊन गेली.

अगं, मी ओरडले, तिथं आता काही नाही!

माहीत आहे, ती म्हणाली,
मान न वळवता,
पण मला वळणच आवडतं.

हे कुठल्या मथळ्याखाली घालावं,
रस्ते, सायकली की उद्यान,
ते अजून ठरत नाही.
छपाईला गुरुवारपर्यंत वेळ आहे.