बाद ताव

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
गायधनीकाका भिंग लावून बसायचे.
एका तावात शंभर तिकिटं,
शंभरदा तेच पाखरू,
सगळ्या जगात एकाच बेटावरच्या
रानात गाणारं.

एकदा गळ्याचा पिवळा
केसभर सरकला, चोचीबाहेर आला.
ताव बाद.
मोजून, सही करून, भट्टीत.
एकही खिशात घालायची सोय नाही,
गेटवर झडती.

“बेटावर किती उरलीत?”
मी विचारलं होतं.
“ते आपल्या रजिस्टरला नाही.”

रिटायर होऊन जेलरोडला असतात आता.
पहाटे दसकच्या घाटावर
दयाळ शीळ घालतो
तेव्हा थांबतात,
एक डोळा बारीक करतात,
चोचीबाहेर सांडलेला तो पिवळा
कसा ऐकू आला असता
तपासत.