पंक्चर

सील बघायला म्हणून निघालो होतो.
माणशी बावीस युरो, मुलांना अर्धं तिकीट,
तीन तास बोटीत, तोंडावर खारा वारा,
आणि विल्सांडीच्या खडकांवर
नुसते खडक.
नावाडी म्हणाला, काल होते. चाळीसेक.
काल.
पीबेला दोनदा उलटी झाली, दुसरी स्वतःच्या बुटांवर.
उकू दुर्बीण डोळ्यांवरून काढेना,
काढली की नेमका तेव्हाच एखादा वर येईल म्हणून.

परतताना कोणी कोणाशी बोलेना.
पैसे वाया गेल्यावर उर्मस जशी चालवतो
तशी चालवत होता गाडी.
मागे, मुलांच्या मधोमध, गुडघे पोटाशी घेऊन सासरे,
'मी म्हटलंच होतं' हे
न म्हणता म्हणत होते.

मग जुनिपरच्या झुडपांपाशी, कच्च्या रस्त्यावर,
फस्स.

जॅक होता. जॅकचा दांडा घरी.
त्यावर उर्मस जे बोलला
ते मुलांनी लगेच पाठ केलं.
माझा भाऊ रायवो म्हणाला, येतो तासाभरात.
आम्ही गवतात चादर टाकली,
राईचा पाव, खारवलेले मासे, थर्मासच्या तळचा कडू चहा.
पीबेचे बूट वाळत ठेवले, जरा लांबच.

तेव्हा ऐकू आलं :
गंजकं फाटक कोणी आभाळात उघडतंय.
"तेल घाला रे त्याला," म्हणत सासऱ्यांनी मान वर केली
आणि तशीच राहू दिली.
क्रौंच. दहा नाही, वीस नाही.
बार्ली कापलेल्या शेतात उतरत होते,
चिखलात बूट भरू नयेत म्हणून
जपून पाऊल टाकणाऱ्या पाहुण्यांसारखे.
उकू मोजायला लागला, एकशे सत्तरला चुकला,
पुन्हा एकपासून.
त्यातला एक, काही कारण नसताना, नाचला.
काडी उडवली, झेलली, परत उडवली.

आणि माझे सासरे एंडेल,
ज्यांना जिना चढायला माझा खांदा लागतो,
उठले, हात पसरले,
आणि उडी मारली. उडी कसली,
टाचा उचलल्या. दोनदा.
उर्मस बापाकडे बघत राहिला,
हातातला पाव हातात.

कोणीच हसलं नाही. मग सगळेच हसलो, आवाज न करता,
पोट दुखेपर्यंत.

"आई," पीबे कुजबुजली,
"माझ्या बुटात कोणीतरी जेवतंय."

साळिंदराचं धाकटं भावंड शोभेल असं
मूठभर काटेरी गाठोडं,
डोकं बुटात, ढुंगण बाहेर,
मचमच, मचमच,
भूक लागलेल्या माणसासारखं निर्लज्ज.
मासा तिथं कसा पोचला
हे पीबेला कोणी विचारलं नाही.

रायवो आला, झगझगीत दिवे लावून,
आणि पाच जण एकदम त्याच्या अंगावर धावले :
दिवे! दिवे बंद कर!
बिचाऱ्याने अंधारात, चाचपडत, चाक बदललं.
तेवढ्यात एक नट हरवला, तो अजून हरवलेलाच आहे.

पीबे घरी आली एका बुटावर.
दुसरा तिथंच, झुडपाखाली.
त्याचं जेवण व्हायचं होतं.
नवे होते बूट.
उर्मसने किंमत काढली नाही.