गार होईपर्यंत

आधी कान लाव, रुजाय.
हेल्मेट काढून ठेव, गाल टेकव खोडाला.
आत कुणी ओला पुठ्ठा कुरतडतंय
तसं ऐकू येतंय ना?
सोंड्या.
आपल्याकडे माडाचा कोंब खातो तोच.
इथे इब्रीत खजुरीत शिरलाय,
व्हिसा न काढता.

ऐकलंस? मग आता कानावर मफ चढव.
यापुढे माझा आवाज नाही, माझा हात बघायचा.
हात वर म्हणजे थांब.
हाताचा अर्थ कळला नाही, तरी थांब.

हवेत झुलवत दोरी ओढणारे शूर
मी खूप बघितले. त्यांच्यातला तू होऊ नकोस.
करवत जमिनीवर, मागच्या मुठीत बूट,
ब्रेक पुढे ढकललेला.
एकदा खोकली की चोक आत,
मग ओढ पुन्हा.
आणि पट्टीच्या टोकाची वरची कड
लाकडाला लागू द्यायची नाही, कधीच.
लागली की करवत उसळून परत येते,
आणि परत यायला तिला
तुझ्या तोंडाशिवाय दुसरा पत्ता माहीत नसतो.

खजुरीला लाकूड नसतं रे,
दोऱ्या असतात ओल्या, वळून ठेवलेल्या.
त्या साखळीला धरून आत जातात, गिअरला गुंडाळतात.
साली-सालीत वारा वर्षानुवर्षं वाळू भरून गेलेला.
ब्रशने झाड झाड आधी. हसू नकोस,
दहा मिनिटं वाळू कापलीस
तर तासभर कानस घासत बसशील:
प्रत्येक दाताला तीन हात, पुढेच,
मागे येताना कानस उचलून.

खाच फलजच्या उलट बाजूला.
पाण्यात पडली तर अख्खं गाव आपल्या दारात.
तुझी पळायची वाट तिरकी, मागे,
आत्ताच मोकळी कर. तो पाइप उचल.

टाकी संपली?
थांब. कॅन तिकडेच राहू दे, लिंबाखाली.
छेचाळीस डिग्रीत यंत्र गार होत नसतं,
फक्त थोडं कमी तापतं.
तेवढ्यासाठी दहा मिनिटं बसायचं.
टिक्-टिक् करतंय बघ, म्हणजे करत असेल.
पेट्रोलमध्ये तेल पन्नासाला एक:
पाच लिटरला शंभर मिली, रेषेपर्यंत.
अंदाज आमटीत चालतो.

हे बघ, सैफ बिन हुमैद काहवा घेऊन आला.
हातातल्या बिया याच झाडाच्या.
त्याच्या आईने लावलं, बहीण रांगत होती तेव्हा.
तो झाडाकडे बघत नाही,
करवतीकडे बघतो, तीही लांबून.
त्याच्यासमोर कपडे झटकू नकोस,
भुसा त्याच्या अंगणात उडेल.
एक चिपटी मागे राहिली तर
सोंड्या मागे राहिला. सगळं खड्ड्यात,
साडेबाराच्या आत, मग सावली.

पडली.
आत बघ, साबुदाण्यासारख्या, पण बोटाएवढ्या.
हातमोजे नाही काढायचे.

आता झाकण उघड. जुना दात घासायचा ब्रश घे.
एअर फिल्टर झटक, पट्टी उलटी करून लाव,
म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील.
साखळी वरून उचल: थोडी सुटली पाहिजे,
हाताने फिरली पाहिजे.
मी इथे आलो तेव्हा हे सगळं शिकवलं होतं.
मफ सोडून.
कानात कापूस कोंबायचो, तोही गळून पडायचा,
आणि एकवीस वर्षं कोण उचलत बसतंय?

सैफ विचारतोय, शेजारची कशी आहे.
ओठांवरून कळलं मला.
मगाशी तुला विचारलं ना, ऐकू येतंय का,
ती परीक्षा नव्हती.
खोडाला कान लावला तर
मला सगळ्याच झाडांत करवत ऐकू येते.

जा, रुजाय. मफ काढ.
नीट ऐक, घाई करू नकोस.
तू काय ते सांगशील
तोवर कॅनचं झाकण मी लावलेलंच ठेवतो.