सात नंबरचं बोअर

पहिले दोन मीटर माती.
मग मुरूम, पिवळा, बोटानं चुरणारा.
मग अभ्रकाचा खडक, उन्हात धरला
की मासोळीच्या खवल्यांसारखा चमकतो.
लाकडी पेटीत कोरच्या कांड्या
कारू मरसकोल्हेनं निजवून ठेवल्यात,
प्रत्येकीच्या उशाशी खोलीचा आकडा.

एकतीस ते बत्तीसमध्ये कांडी नाही.
तिथं सागाचा ठोकळा, त्यावर खडूनं:
माल आला नाही.

"कसा येईन जी," कारू म्हणतो,
"तिथं खडकच नव्हता.
रॉड एकदम हातभर खाली गेला
अन् सोडलेलं पानी
वापस वर आलंच नाही."

मागं मॅंगनीजचा गाळ,
बांध घालून थोपवलेला, टेकडीएवढा.
त्यावर बाभळीची रोपं, त्यांनाही नंबर.
खाली सहाशे मीटरवर धामणटोल्याची बोडी,
बोडीच्या पाळीजवळ फुलवंता नेवारेंची विहीर.
तिच्या पाण्यात शिजलेला भात
तीन वर्षं झाली, करडा होतो.
गुंडी चिंचेनं घासली तरी
आतली काळी रेघ जात नाही.

मी अहवालात लिहिलं:
पाणीपातळी नऊ पूर्णांक चार,
उतार आग्नेयेला.
नकाशावर निळा बाण काढला
आणि लीजच्या तारेपाशी थांबवला.
कागद तिथंच संपत होता.

कारूनं पेटीला खिळा मारला तेव्हा
ठोकळा माझ्या खिशात होता.
का घेतला, सांगता येत नाही.

जाताना फुलवंताबाईंनी चहा दिला.
मी आधी कपाच्या तळाकडं पाहिलं.
ते त्यांनी पाहिलं.